टेम्प्लेट्स

उबुंटूत नवं खातं उघडलं की होम फोल्डरात काही मंडळी आपसूक येऊन बसतात. त्यातला हा एक. डाउनलोड्सकडे दिवसभर ये-जा असते, पिक्चर्समध्ये लग्नाबारशांची गर्दी. टेम्प्लेट्सकडे कुणी फिरकत नाही.

माझी त्याच्याशी खरी ओळख पेणला झाली. गणपतीच्या एका कारखान्यात ऑर्डरींच्या पावत्यांचं काम अडलं होतं, म्हणून रोह्याहून दिव्याच्या मेमूने गेलो. ‘फाइल्स’ या ॲपमध्ये राइट क्लिक केलं की ‘न्यू फोल्डर’ दिसे, ‘न्यू डॉक्युमेंट’ मात्र नाहीसं झालेलं. मालकांच्या मुलाने सुट्टीत आवराआवर केली होती. टेम्प्लेट्समध्ये एकच फाइल होती, कोरी पावती. नाव नाही, रक्कम नाही. बिनकामाची समजून त्याने फोल्डरच उडवला, ट्रॅशही रिकामा केला.

या फोल्डरात ठेवलेली फाइल मेनूत दिसते. ती निवडली की तिची प्रत निघते, मूळ फाइल जागची हलत नाही. फोल्डर रिकामा असेल तर ‘न्यू डॉक्युमेंट’ची ओळच येत नाही. तो मुळात नसेल तर पुढच्या लॉगिनला त्याच्या पत्त्याच्या जागी होमचा पत्ता लिहिला जातो. त्यामुळे त्याच नावाचा दुसरा फोल्डर करून भागत नाही. आधी फोल्डर करायचा, मग ‘डॉट कॉन्फिग’मधल्या ‘युजर-डर्स डॉट डर्स’ या फाइलीत त्याचा पत्ता पुन्हा लिहायचा आणि लॉगआउट करून परत यायचं. हा क्रम चुकला तर पत्ता पुन्हा पुसला जातो.

हे सांगत होतो, तर मालक उठून मला मागच्या खोलीत घेऊन गेले. फळ्यांवर साचे मांडलेले. त्यांनी एक उघडून दाखवला. आत सोंड खोलगट, पोट खोलगट, कान उलटे. मूर्ती कुठेच नाही, तरी सगळी तिथेच. पेण, हमरापूर, जोहे इथल्या मूर्ती मुंबई-पुण्याला जातात, समुद्रापलीकडेही जातात. साचा घरीच राहतो.

त्या क्रमाने फोल्डर परत आल्यावर मालकांनी कोरी पावती पुन्हा टाइप करून टेम्प्लेट्समध्ये ठेवली. राइट क्लिक केलं, ‘न्यू डॉक्युमेंट’खाली ‘पावती’ उमटली. पहिली प्रत काढून त्यांनी तिच्यात नाव-रक्कम भरली आणि लगेच मूळ फाइल उघडून ती कोरीच आहे ना, ते बघितलं. साचा सुटल्यावर आत माती चिकटून राहिली का बघतात, तसं.