किल डेव्हिल टेकडीच्या पायथ्याशीं

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यालगत वाळूची एक लांबच लांब, चिंचोळी पट्टी समुद्रांत पसरलेली आहे. तिच्यावरील किटी हॉक गांवापासून सुमारें चार मैलांवर किल डेव्हिल ही टेकडी आहे. दोघां भावांनीं घरच्या घरीं बनविलेलें विमान इंजिनाच्या बळावर मनुष्याला घेऊन १९०३ सालीं प्रथम येथेंच उडालें. चिरंजीवांकडे अमेरिकेस गेलों असतां हें स्थळ पाहण्याचा योग आला. त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहें.

टेकडी अवघी ९० फूट उंच. पूर्वीं तिची वाळू वाऱ्याबरोबर सरकत असे. पुढें गवत लावून ती स्थिर करण्यांत आली. माथ्यावर ६० फूट उंचीचा ग्रॅनाइटचा स्तंभ असून त्याचें उद्घाटन १९३२ सालीं झालें. परंतु खरें पाहण्यासारखें आहे तें खालच्या सपाटीवर. विमानानें जेथून झेप घेतली तेथें एक मोठा पाषाण आहे, आणि त्या दिवशींचीं चार उड्डाणें जेथें जेथें संपलीं तेथें चार खुणेचे दगड. पहिल्या दगडापर्यंतचें अंतर १२० फूट. म्हणजे माझ्यासारख्या वृद्धाचीं पन्नास-साठ पावलें. एवढ्यासाठीं एवढें स्मारक कशाला, असें क्षणभर मनांत येतें. पण या पावलांमागें चार वर्षांचा उद्योग उभा आहे.

विल्बर व ऑर्व्हिल राइट हे ओहायो राज्यांतील डेटन शहरचे बंधू. दोघांचा मिळून सायकलींचा धंदा, दोघेहि अविवाहित. वडिलांच्या घरीं एकत्र राहात व पैसाहि सामाईक ठेवीत. शालान्त प्रमाणपत्र दोघांपैकीं एकाजवळहि नव्हतें, हें मजसारख्या शाळामास्तरानें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे!

१९०० सालीं ते प्रथम येथें आले, ते बिनइंजिनाचें यंत्र घेऊन. हवें तेवढें लांब लांकूड न मिळाल्यामुळें पंख आंखूड करावे लागले. तेव्हां किटी हॉकच्या टेटबाईंचें शिवणयंत्र मागून घेऊन विल्बरनें पंखांचें कापड पुनः बेतून शिवलें. मोसम संपल्यावर तें विमान तेथेंच टाकून दिलें, आणि टेटबाईंनीं त्याच्या कापडाचे आपल्या मुलींस झगे शिवले!

१९०१ सालच्या यंत्रानें मात्र निराशा केली. पूर्वसूरींच्या कोष्टकांवरून गणित मांडलें होतें. त्या मानानें पंखांस उचल फारच कमी मिळे. तेव्हां या बंधूंनीं दुकानांतच सहा फूट लांबीची लांकडी पेटी केली, तींत पंख्यानें वारा सोडला व सुमारें दोनशें प्रकारचे चिमुकले पंख एकामागून एक तपासले. न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर शब्दप्रमाणावर न विसंबतां त्यांनीं प्रत्यक्षाची कास धरली. त्या आंकड्यांवरून केलेलें १९०२ चें यंत्र वाऱ्यावर उत्तम तरंगलें. पुढें जोगतें हलकें इंजिन विकत मिळेना, म्हणून दुकानांतील चार्ली टेलर या कारागिरानें तें सुमारें सहा आठवड्यांत घडविलें. हवा मागें लोटणारे लांकडी पंखे हातांनीं तासले व ते फिरविण्यास सायकलप्रमाणें सांखळ्या लाविल्या. एकंदर खर्च हजार डॉलरांच्या आंत.

१७ डिसेंबर १९०३ रोजीं कडाक्याच्या थंडींत ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला. चौथ्या खेपेस विल्बरनें ५९ सेकंदांत ८५२ फुटांची मजल मारली. नंतर वाऱ्याच्या एका झोतानें यंत्र उलथून मोडलें व तें पुनः कधींच उडालें नाहीं. पण तोंपर्यंत कार्य सिद्धीस गेलें होतें.

आपल्याकडे विमानाचा विषय निघाला कीं पुष्पकाची आठवण होते, ती रास्तच आहे. काव्याची ती शोभा आहे. परंतु ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाच्या आधारें पूर्वजांचीं विमानें सिद्ध करूं पाहणें निराळें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं १९७४ सालीं तो ग्रंथ तपासला, तेव्हां तो विसाव्या शतकांतील ठरला व त्यांतील विमानें उडण्याजोगीं नाहींत असें दिसून आलें. संस्कृतावर ज्याचें प्रेम आहे त्यानें याचें वाईट वाटून घेऊं नये. प्रमाणांत प्रत्यक्षास अग्रस्थान देणारे आपलेच शास्त्रकार होत. सबब, घरांतील एखाद्या मुलानें ओसरीवर चाकें, खिळे व लांकडें यांचा पसारा मांडला, तर ‘अभ्यास कर’ म्हणून ओरडण्यापूर्वीं तो काय मोजतो आहे, हें वडील मंडळींनीं जवळ जाऊन पाहावें.