दोनाचे सात यार्ड होतात तेव्हा...

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचं काम फार थोडं असतं, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालंय. हेल्मेट घातलेले धिप्पाड लोक पाच-सहा सेकंद एकमेकांवर आदळतात, शिटी वाजते आणि मग अर्धा-पाऊण मिनिट सगळे गोल करून मीटिंग घेतात. (आमच्या ऑफिसचा कारभारही याच तत्त्वावर चालतो, पण ते असो.) डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मी या खेळाकडे बघून फक्त नाचो खाल्ले. मग एका बारीकशा नियमानं मला पकडलं. एक्स्ट्रा पॉइंट!

फंडा सोपा आहे. टचडाउन झाला की सहा पॉइंट्स. त्यानंतर बोनस म्हणून एक संधी मिळते, आणि तिथे कोचला दोन पर्याय असतात. एक, बॉलला किक मारून खांबांमधून पलीकडे पाठवायचा आणि एक पॉइंट घ्यायचा. दुसरा, गोलरेषेपासून दोन यार्डांवरून पुन्हा एकदा बॉल घेऊन आत घुसायचं आणि दोन पॉइंट्स घ्यायचे. म्हणजे सेव्हिंग अकाउंट की शेअर बाजार, अशातलाच प्रकार.

२०१४ पर्यंत एनएफएलमध्ये किकचा पॉइंट जवळजवळ फुकट मिळायचा. किकही दोन यार्डांच्या रेषेवरूनच खेळायची असल्यामुळे शंभरातल्या नव्याण्णव सहज जायच्या, आणि प्रेक्षक तेवढ्यात बाथरूमला जाऊन यायचे. २०१५ मध्ये लीगनं किकसाठी बॉल पंधरा यार्डांच्या रेषेवर नेला. किकचं अंतर ३३ यार्डांच्या आसपास गेलं आणि त्या सीझनला यशाचं प्रमाण ९४ टक्क्यांवर आलं. दोन पॉइंट्सचा प्रयत्न साधारण निम्म्या वेळा जमतो. गुणाकार करून बघा, दोन्हींची सरासरी कमाई जवळपास सारखीच येते! मग निर्णय स्कोअरवर, घड्याळावर आणि कोचच्या स्वभावावर जातो.

पण खरी गंमत सुरू होते ती रेफरीनं पिवळा रुमाल फेकल्यावर.

समजा, कोचनं किकचा निर्णय घेतला आणि समोरच्या संघाचा एखादा उतावळा खेळाडू वेळेआधी रेषेच्या पुढे आला. ऑफसाइड. आता कोच निर्णय फिरवू शकतो. किक रद्द, आम्ही दोनासाठी जाणार! पेनल्टी गोलरेषेपर्यंतच्या निम्म्या अंतरापेक्षा जास्त असू शकत नाही, त्यामुळे बॉल दोनावरून एक यार्डावर येतो. एक यार्ड म्हणजे जेमतेम तीन फूट. किक यशस्वी झाली असली तरी मिळालेला पॉइंट परत करून हा सौदा घेता येतो. २०२२-२३ च्या सुमाराला फिलाडेल्फिया ईगल्सचे लोक क्वार्टरबॅकला मागून ढकलत एवढं अंतर ज्या सहजतेनं पार करायचे, ते पाहिल्यावर कुठल्याही कोचचा हात शिवशिवेल. क्रिकेटमध्ये नो-बॉलनंतर फ्री हिट मिळाली की आपला नंबर अकराही बॅट फिरवतो ना, तसंच काहीसं.

उलट बाजूनं मात्र हिशेब फारच क्रूर आहे. किकच्या वेळी आपल्याच माणसानं चूक केली तर पाच यार्ड मागे, म्हणजे ३३ ची किक ३८ ची होते. एनएफएलच्या किकरला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण दोन पॉइंट्सच्या वेळी तीच पाच यार्डांची पेनल्टी बसली तर दोनाचे सात होतात! आता आत घुसण्याची भाषा जवळपास संपते, पासच टाकावा लागतो आणि समोरच्यालाही ते पक्कं ठाऊक असतं. पेनल्टी तीच, पाच यार्डांचीच, पण जो जास्त मागायला गेला त्याला ती कितीतरी जोरात लागते.

या वेळी कोचपुढे नवा प्रश्न येतो. दोनासाठी जायचं ठरवलं तेव्हा बॉल दोनावर होता, आता सातावर आहे. ठरवलेलं तडीस न्यायचं, की गुपचूप किकरला बोलवायचं?

३० डिसेंबर २०२३, शनिवारची रात्र. डॅलसजवळ आर्लिंग्टनच्या स्टेडियममध्ये आमचे डेट्रॉइट लायन्स विरुद्ध काउबॉइज. फार्मिंग्टन हिल्सला एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही बसलेलो, दोन पुणेकर, एक नागपूरकर, सांगलीची मी आणि एक अस्सल डेट्रॉइटकर. हा शेवटचा महत्त्वाचा, कारण लायन्सनी त्याच आठवड्यात तीस वर्षांनंतर आपला डिव्हिजन जिंकला होता आणि गडी हवेत होता.

२३ सेकंद उरलेले असताना अमॉन-रा सेंट ब्राउननं टचडाउन केला. २०-१९, आम्ही एकानं मागे. किक मारली की बरोबरी आणि बहुधा ओव्हरटाइम. पण कोच डॅन कॅम्पबेल हा तसला माणूसच नाही. दोनासाठी! आणि जमलंही. टेलर डेकर या अगडबंब लाइनमननं पास झेलला आणि बेसमेंटमध्ये सोफा हलला.

तेवढ्यात रुमाल. लाइनमनला पास झेलायचा असेल तर त्यानं आधी रेफरीकडे तशी वर्दी द्यावी लागते. रेफरीनं जाहीर केला होता ७० नंबर, डॅन स्किपर. डेकरचा नंबर ६८. लायन्सचं म्हणणं, वर्दी डेकरनंच दिली होती. यावर डेट्रॉइटमध्ये अजूनही भांडणं होऊ शकतात, मी त्यात पडत नाही. बॉल गेला सातावर.

आमचा डेट्रॉइटकर उभा राहून ओरडला, 'किक मार!' कॅम्पबेल पुन्हा दोनासाठी गेला. पास अडवला गेला, मॅच संपली... तर परत रुमाल! काउबॉइजचा मायका पार्सन्स ऑफसाइड. साताचं निम्मं, साडेतीन यार्ड. तिसऱ्यांदाही दोनच. पास जमिनीवर पडला. हरलो, २०-१९.

माझं स्पष्ट मत आहे, सातावर किक मारायला हवी होती. ३८ यार्डांची किक दहातल्या नऊ वेळा जाते, पुढे ओव्हरटाइममध्ये निम्मी-निम्मी शक्यता. सातावरून एका झटक्यात जिंकण्याची शक्यता त्याहून बरीच कमी. पण सामन्यानंतर कॅम्पबेल आपल्या निर्णयावर ठाम होता. मुळात त्याच्या या बेधडकपणामुळेच मरगळलेली टीम इथवर आली होती, हेही तितकंच खरं.

त्या रात्री मी हा हिशेब जरा जास्तच मन लावून केला, कारण माझा बॉलही सातावर होता.

नोव्हेंबरमध्ये मला एका छोट्या कंपनीची ऑफर आली होती. काम भन्नाट, मला हवं होतं तेच. माझ्या एच-वन-बीची चार वर्षं झालेली. सहाव्या वर्षापुढे मुदतवाढ हवी तर ग्रीन कार्डची पहिली फाइल सहावं वर्ष संपायच्या किमान ३६५ दिवस आधी दाखल झालेली लागते, म्हणजे माझ्या हातात वर्षभर होतं. जुन्या कंपनीनं माझी फाइल दाखल केलेली, पण आय-१४० मंजूर व्हायचा होता. नोकरी सोडली तर ती रांग गेली. नव्या कंपनीचा एचआर म्हणाला होता, पहिल्याच महिन्यात प्रक्रिया सुरू करू. तयारीला आठ-नऊ महिने लागतात, म्हणजे टाइट पण जमणारं. दोन यार्ड.

ख्रिसमसच्या आदल्या आठवड्यात नवं पत्र आलं. पगार तोच, पद तेच. फक्त 'कंपनीच्या सुधारित धोरणानुसार' ग्रीन कार्डची प्रक्रिया एक वर्षानंतर. सही करून पाठवायची मुदत मंगळवार, २ जानेवारी.

मॅच संपली तेव्हा सांगलीत रविवारची सकाळ होती. घरी पोचल्यावर फोन लावला. बाबा बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे उत्तर ठरलेलं, 'हातातलं सोडू नकोस बाळा.' आईनं विचारलं, 'पण तुला जायचंय ना?' जायचं तर होतंच गं! तीच तर पंचाईत होती. मनानं मी नोव्हेंबरमध्येच राजीनामा दिला होता. नव्या ऑफिसजवळचा जिमही बघून ठेवलेला. नाही म्हणणं म्हणजे माघार घेतल्यासारखं वाटत होतं, आणि मला माघारीचा जाम राग येतो.

सोमवारी सुट्टी. वहीत दोन रकाने केले आणि एकच प्रश्न लिहिला, हे पत्र मला नोव्हेंबरमध्येच आलं असतं तर मी हो म्हटलं असतं का? काम कितीही आवडतं असलं तरी बारा महिने थांबून वर नऊ महिने, म्हणजे एकवीस. माझ्याकडे होते बारा. नसतंच म्हटलं. दुपारपर्यंत वहीत बाकी काहीच लिहिलं नाही.

मंगळवारी सकाळी दोन ओळींची मेल पाठवली, या अटीवर येणं शक्य नाही. तासाभरात एचआरचा फोन. आवाज एकदम मऊ. वर्ष नको, सहा महिन्यांनी सुरू करू, चालेल का? सहा अधिक आठ, चौदा.

साडेतीन यार्ड! मला हसूच आलं. त्याला काय कळणार मी का हसतेय. मी थँक्यू म्हटलं, नाही म्हटलं आणि जुन्या ऑफिसच्या दहाच्या मीटिंगला जाऊन बसले.

त्या महिन्याच्या २८ तारखेला लायन्स सांता क्लाराला फोर्टीनायनर्सशी खेळले. हाफटाइमला २४-७ नं पुढे होते. कॅम्पबेलनं दोनदा फील्ड गोल नाकारला, दोन्ही वेळा फसला, ३४-३१ नं हरलो. बेसमेंटमध्ये सगळे त्याला शिव्या घालत होते. मी नाही घातल्या. जुलैत माझा आय-१४० मंजूर झाला, आणि त्याच आठवड्यात मी परत बायोडेटा पाठवायला सुरुवात केली.