पाना

वडिलांच्या १९८४ सालच्या पिकअपला ब्रेक लावला, की ती रस्त्याला वाकून नमस्कार करी. मिस्त्री म्हणाला, "पुढचे पाटे बसलेत, बुश संपलेत." खर्च आणि गाडीची किंमत तंतोतंत जुळली, बँकेत माझं एवढं कधी जुळत नाही! पण विकायचं म्हटलं की आईचा चेहरा उतरे. केला खर्च. नवे पाटे चढताच मी घाईघाईने पाना उचलला.

"साहेब, थांबा! गाडी चाकांवर उतरू द्या, वजन येऊ द्या, मग आवळा. अधांतरी आवळलं की बुशचं रबर पिळून फाटतं."

घरी येऊन बारावीतल्या चिरंजीवांचं 'पहाटे ४ ते रात्री ११' वेळापत्रक मी मुकाट्याने भिंतीवरून काढलं.

"काय बिघडलं होतं?" बायकोने विचारलं.

"पाना माझ्या हातात होता."