घाटातली धार आणि वरचा सडा

सह्याद्रीच्या घाटांत डोंगराचा उतार कापून रस्ता आडवा नेलेला असतो, आणि त्या कापलेल्या कड्याच्या एखाद्या फटीतून पावसाळा सरून कितीतरी महिने लोटले तरी पाण्याची बारीक धार वाहत राहते. कुणीतरी तिला चिरलेल्या बांबूची पन्हळ किंवा लोखंडी नळीचा तुकडा लावून दिलेला असतो, खाली एक सपाट दगड रोवलेला असतो, आणि त्या दगडाभोवती वाडीवरच्या कळश्या, ट्रकचालकाचा कॅन आणि प्रवाशाची बाटली पाळीने थांबतात. फटीच्या कडेने शेवाळ आणि हंसराज वाढतात. हंसराज हा काळ्या, तकतकीत देठांचा नाजूक नेचा असून सतत ओल्या राहणाऱ्या सावलीतच तो तग धरतो, त्यामुळे उन्हाळ्यातही तो हिरवा दिसला की आत ओल टिकून असल्याची खात्री पटते.

ही ओल टिकते ती खडकाच्या रचनेमुळे. दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांनी घडले असून, त्यांतले काही थर घट्ट आणि पाण्याला वाट न देणारे, तर काही भेगांनी आणि पोकळ्यांनी भरलेले आहेत. महाबळेश्वर, आंबोली आणि कोकणातल्या अनेक पठारांवर या खडकाच्या माथ्याला जांभ्याचे आच्छादन आहे. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांनी मूळ खडक झिजून, त्यातले लोह मागे राहून जो तांबडा, भोकाभोकांचा दगड तयार होतो तो जांभा, आणि त्याचा उघडा, सपाट माथा म्हणजे सडा. सड्यावर कोसळलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून खाली उतरतो, त्याच्या तळाशी असलेल्या मऊ चिकणमातीच्या थराशी अडतो, मग आडवा सरकत जातो आणि डोंगराच्या उताराने तो सांधा जिथे उघडा पाडला असेल तिथे बाहेर येतो. रस्ता खोदणाऱ्यांनी कित्येकदा असाच एखादा सांधा नकळत छेदलेला असतो. जमिनीखाली मुरलेल्या या पाण्याचे तापमान त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहते, म्हणून वैशाखात ते ओंजळीला गार लागते आणि पौषातल्या पहाटे कोमट.

भूजलाचे अभ्यासक झऱ्याचा प्रवाह मोजताना ठरावीक मापाचे भांडे धारेखाली धरतात आणि ते किती वेळात भरते हे पाहतात. वाडीवरची बाई डोक्यावर चुंबळ ठेवून रोज हेच पाहत आलेली असते, कारण कार्तिकात बोलता बोलता भरणारी कळशी चैत्रात किती वेळ अडवून धरते, हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. मिनिटाला एक लिटर ही धार डोळ्यांना अगदी किरकोळ दिसते. पण ती रात्रंदिवस वाहते, म्हणून दिवसाकाठी १,४४० लिटर पाणी देते, आणि जलजीवन मिशनने धरलेल्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ते २६ माणसांना पुरते. मात्र त्यासाठी रात्रीची धार साठवावी लागते. प्रवासी इथे चवीसाठी थांबतो, वाडीवरची बाई मात्र नाइलाजाने येते, आणि झऱ्याच्या सौंदर्याविषयी लिहिणाऱ्याने तिच्या मानेवरचे ओझे विसरणे योग्य नव्हे. झऱ्याजवळ बांधलेली साधी, झाकलेली टाकी तिचे कितीतरी तास वाचवते. झऱ्याचे तोंडच सुरुंगाने मोठे करण्याचा उत्साह मात्र घातक ठरू शकतो, कारण आतल्या भेगा हलल्या की पाणी दुसरीच वाट धरते.

वाहत्या पाण्याला मान देण्याची रीत जुनी आहे. जुन्या महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या नद्यांचे पाणी एकत्र येऊन दगडी गोमुखातून पडते, तर गोव्यात केसरवाळच्या झरीवर माणसे आवर्जून जातात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत भूमिगत पाण्याच्या खुणांवर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि झाडे, वारुळे, मातीचा रंग यांवरून पाण्याचा माग काढण्याचे आडाखे मांडले. श्रद्धेने जपलेले पाणी शुद्धच असते असे मात्र नाही. जांभ्याच्या भोकांतून पाऊस जितक्या सहज उतरतो तितक्याच सहज वरच्या वस्तीतला मैलाही उतरू शकतो, म्हणून पाणी स्वच्छ दिसत असले तरी त्याची तपासणी करणे आणि पावसाळ्यात ते उकळून पिणे आवश्यक ठरते.

धारेचे भवितव्य अशा रीतीने तिच्या तोंडाशी नव्हे, तर वरच्या सड्यावर ठरते, आणि महसुली कागदावर सडा बहुधा पडीक म्हणून नोंदलेला असतो. तिथे चिरेखाण उघडली तर पाणी धरून ठेवणारा जांभाच चिरे होऊन ट्रकमधून निघून जातो. तिथे खोल विंधणविहीर घेतली तर खालच्या धारेच्या वाट्याचे पाणी वरच्या वर उपसले जाऊ शकते. सिक्कीममध्ये झऱ्याला धारा म्हणतात, आणि तिथल्या शासनाने २००८मध्ये सुरू केलेल्या ‘धारा विकास’ उपक्रमात आटत चाललेल्या झऱ्यांच्या वर, पाणी जिथून मुरते ते उतार शोधून, तिथे पाऊस अडवणारे चर खोदण्यात आले. थरांचा कल वाचून असे उतार ओळखण्याच्या कामात पुण्याच्या ‘अ‍ॅक्वाडॅम’ या भूजल संस्थेचाही सहभाग होता. सह्याद्रीतले खडक वेगळे आहेत, उघड्या जांभ्यात चर मारणे अवघड आणि पुष्कळदा निरर्थकही आहे, पण कल वाचण्याची गरज इथेही तितकीच आहे. खडकाचे थर जिकडे झुकतात तिकडे पाणी जाते, ते गावाची शीव पाहत नाही. त्यामुळे एका वाडीची कळशी भरणारा सडा कड्यापलीकडच्या दुसऱ्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत असू शकतो, आणि तिथे खाणीचा अर्ज आला, तर त्यावरच्या ग्रामसभेत धारेखाली कळशी लावणाऱ्या बाईला बोलावणे जात नाही.