जुळलेले चित्र

जोयड्याचा पाऊस एकदा लागला, की ओसरी हेच आमचे जग. यंदा मुंबईहून आलेल्या नातीने तुकडे जुळवून चित्र करण्याचा खेळ तेथे मांडला. चित्र १९५२ सालच्या मतदानाचे. बायकांची लांब रांग. पदर, काकणे, कडेवरची मुले लवकर जुळली. चेहरे मात्र जुळता जुळेनात, कारण निम्मे पदराआडच!

स्वतःचे नाव सांगण्यास संकोचलेल्या सुमारे २८ लाख स्त्रिया त्या वेळी मतदारयादीबाहेर राहिल्या. ‘अमक्याची बायको’ एवढे पुरेसे नव्हते. त्यांतील बहुतेक उत्तरेकडच्या. पण संकोच का प्रांत पाहतो? आमचा मुलूख तेव्हा मुंबई राज्यात होता. सुप्यास, जे पुढे काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले, आमच्या आईला नाव विचारले, तेव्हा ती गप्प उभी राहिली. अखेर दारातून वडिलांनी ते उच्चारले. घरात ते कधी कोणी घेत नसे. आम्हीही तेव्हाच प्रथम ऐकले.

त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. आपली चिठ्ठी कोणत्या पेटीत टाकली, हे मात्र आईने वडिलांनाही अखेरपर्यंत सांगितले नाही.

“यातली पणजी कुठली?” नातीने विचारले. पदर ओढलेल्या एकीवर आम्ही बोट ठेवले.