जरा जास्तच झालं? होऊ दे की!

शुक्रवारी रात्री सगळं पब्लिक एफसी रोडवर असतं, तेव्हा मी हेडफोन लावून रिव्हर्बच्या नॉबशी खेळत बसतो. आठवडाभर एक्सेल शीट्स, वीकेंडला गाण्यांचं मिक्सिंग. पैसे मिळत नाहीत, झोप जाते. थोडक्यात, छंद!

पण खरं सांगू? तीन वर्षं माझे मिक्स माझ्या ऑफिसच्या मेल्ससारखेच होते. सभ्य, सेफ आणि कुणाच्याच लक्षात न राहणारे. रिव्हर्ब १० टक्के, डिले नावापुरता. कुणी नावं ठेवायला नकोत, बस्स.

मग दिवाळीत आईचा आवाज रेकॉर्ड केला. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तिचं गाणं जवळजवळ बंदच पडलं होतं. वरच्या पट्टीत आवाज चिरतो. 'राहू दे रे, ऐकवत नाही,' म्हणत म्हणत गायली एकदाची. मी आपला तो चिरलेला सूर लपवायच्या मागे. पिच करेक्शन लावलं, वर रिव्हर्बची दुलई पांघरली. सूर नीट लागला, पण आई गायब!

तेव्हा आठवलं पॉप गायिका शेरचं 'बिलीव्ह'. सूर गुपचूप दुरुस्त करायला बनवलेलं ऑटो-ट्यून १९९८ मध्ये त्या गाण्यात मुद्दाम टोकाला नेलं, आणि लपवायची गोष्टच गाण्याची ओळख झाली. त्याआधी १९६६ मध्ये बीटल्सच्या 'टुमारो नेव्हर नोज'साठी जॉन लेननचा आवाज ऑर्गनच्या गरगर फिरणाऱ्या स्पीकरमधून काढला होता. यांना कुठे कुणाची भीती वाटली?

मी सगळं पुसलं. आवाज कोरडा ठेवला. फक्त जिथे तो चिरतो, त्या एका शब्दावर दणकून डिस्टॉर्शन आणि लांबलचक डिले. गाणं ८० बीपीएमचं, म्हणजे एक ठोका ७५० मिलिसेकंदांचा. डिलेही तेवढाच. त्यामुळे तो सूर ठोक्याठोक्याला परत येतो आणि हळूहळू विरतो. बाकी गाण्यात इफेक्ट जवळपास नाहीच. सगळीकडेच मसाला टाकला, तर ठसका कुठे लागणार?

आईला ऐकवलं. निवडायला घेतलेली मेथी तशीच हातात राहिली. 'अरे, माझं चुकलेलंच सारखं सारखं ऐकवतोयस की!' मी गप्प. मग हळूच म्हणाली, 'पुन्हा लाव.'

तेव्हा तुमच्याही लॅपटॉपवर एखादं सेफ गाणं पडलं असेल, तर फिरवा तो नॉब. फार तर काय, अनडू आहेच! मूळ रेकॉर्डिंगची कॉपी तेवढी जपून ठेवा. मी ठेवली आहे. ती मात्र अजून एकट्यानंच ऐकतो.