गिळलेले अक्षर

यंत्रावर रागावणे धर्मगुरूला शोभत नाही, हे मला मान्य आहे. तरीही गेले सात महिने मी एका यंत्रावर मनातल्या मनात रागावत आलो आहे. त्या रागाची हकिकत वाचकांपुढे मांडावीशी वाटते, कारण तिच्यात यंत्राचा दोष आहे तसा माझाही आहे.

आमच्या नारायणगुड्याच्या धर्मग्रामात मराठी बोलणारी घरे मोजकीच. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्या काळी नोकरीनिमित्त इकडे आलेल्यांची ही मुले-नातवंडे. नातू रस्त्यावर तेलुगू बोलतो, शाळेत इंग्रजी. पण घरातली आजी गेली की तिच्यासाठी प्रार्थना मराठीतच हवी असते. मी मूळचा वसईचा, म्हणून त्या प्रार्थना लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले.

त्यासाठी मी टॅब्लेटला कळफलक जोडलेले एक कव्हर विकत आणले. आजाऱ्यांच्या भेटीला जाताना बरोबर नेता येईल, मेट्रोत मांडीवर ठेवून दोन ओळी लिहिता येतील, असा माझा हिशेब. तो पहिल्याच दिवशी चुकला. टॅब्लेट जड, कळफलक हलका. मांडीवर ठेवताच सगळा डोलारा मागे कलंडे. पाठीमागचा टेकू एकाच कोनात उभा राही, आणि तो कोन माझ्या डोळ्यांचा नव्हता.

पण खरी अडचण पुढेच होती. टेबलावरच्या नेहमीच्या कळफलकात एका कळेच्या मध्यापासून दुसरीचा मध्य सुमारे १९ मिलीमीटरवर असतो. एका ओळीत पंधरा कळांइतकी जागा लागते, म्हणजे साडेअठ्ठावीस सेंटीमीटर. माझा टॅब्लेट जेमतेम पंचवीस सेंटीमीटर रुंद. उरलेले साडेतीन सेंटीमीटर कोठून तरी कापावयाचे, तर कारागिराने ते उजव्या कडेच्या कळांतून कापले. मधल्या अक्षरांना हात लावला नाही. कडेच्या कळा मात्र अर्ध्या करून टाकल्या. इंग्रजी लिहिणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही. तेथे अर्धविराम, अवतरणचिन्ह, कंस आणि तिरपी रेघ. दिवसातून किती वेळा लागणार?

मराठीचे तसे नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिपींसाठी जी इनस्क्रिप्ट नावाची मांडणी ठरवली, तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला आहेत. मांडणी मोठी शहाणी आहे. क दाबला की क, शिफ्टसह दाबला की ख. परंतु इंग्रजी अर्धविरामाच्या जागी तिच्यात च येतो, अवतरणचिन्हाच्या जागी ट, कंसाच्या जागी ड आणि तिरप्या रेघेच्या जागी य. आता ‘देवाच्या’ हा साधा शब्द घ्या. त्यातल्या ‘च्या’साठी च आणि य, दोन्ही कळा कापलेल्यांपैकीच! य शोधावा तर बोट शेजारच्या बाणावर पडून लेखन वरच्या ओळीत उडी घेई. ट शोधावा तर ओळच तुटे. ज्याने हा कळफलक घडवला त्याने कडेला कोण बसते याची चौकशीच केली नव्हती.

ही सगळी अडचण मी सोसली असती. पण या कळफलकाला आणखी एक खोड होती. काही मिनिटे हात थांबला की तो वीज वाचवण्यासाठी झोपी जाई, आणि पुन्हा जागा होताना पहिली कळ गिळून टाकी. म्हणजे भरभर लिहिणाऱ्याचे निभावे. शब्दापुढे थांबून विचार करणाऱ्यालाच शिक्षा!

पावसाळ्यात आमच्या एका वृद्ध भगिनीचे निधन झाले. दफनविधीच्या आदल्या रात्री मी प्रार्थनेचा कागद लिहीत होतो. आत्म्याविषयीच्या वाक्यात ‘अमर’ लिहावे की ‘अविनाशी’, यावर बराच वेळ अडलो. मग ‘अविनाशी’ लिहिले, घाईने साठ प्रती काढल्या आणि निजलो.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत तिचा थोरला मुलगा ती प्रार्थना वाचू लागला. ‘आत्मा विनाशी आहे’ इतके वाचून तो थबकला. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. मी पुढे होऊन शब्द दुरुस्त केला, पण जे ऐकू जावयाचे ते जाऊन चुकले होते. जुन्या बायकांच्या माना वर झाल्या होत्या.

संध्याकाळी तो मला भेटावयास आला. मी लगेच म्हणालो, “कळफलकाचा दोष.” त्यावर तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “फादर, आईनं मला मराठी वाचायला शिकवलं ते अक्षरावर बोट ठेवून. आज एक अक्षर नव्हतं, म्हणून अडलो.” मग त्याने तो कागद पुढे केला आणि गेलेला अ माझ्या हाताने लिहून देण्यास सांगितले. मी लिहून दिला. तोच कागद त्याने घडी करून खिशात ठेवला.

तो गेल्यावर मला माझीच लाज वाटली. अक्षर यंत्राने गिळले हे खरे; पण छापण्यापूर्वी कागद एकदा मोठ्याने वाचला असता तर ते तेथेच सापडले असते.

फादर थॉमस स्टीफन्स यांची मला आठवण झाली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. साधन भाषेसाठी घडलेले नसताही त्यांनी दहा हजारांहून अधिक ओव्या मराठी माणसापर्यंत पोहोचवल्या. माझ्यापाशी देवनागरी होती. नव्हता तो पाच मिनिटांचा धीर.

आता घरी मी टॅब्लेटला तारेचा जुना, पूर्ण रुंदीचा कळफलक जोडतो. कव्हर प्रवासापुरते उरले आहे. विचार करून झाला की आधी एक रिकामी कळ दाबून त्याला उठवतो, मग लिहितो. आणि शेवटी कागद अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचतो. ही रीत मला त्या माउलीने मुलाकरवी शिकवली.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. प्रवचन तयार करताना मीही मधल्या बाकांचाच विचार करीत असेन काय? कडेला बसलेल्यांच्या कळा मी किती वेळा कापल्या असतील, हे त्यांनाच विचारावे लागेल.